गजबजाटात एक छोटी लाकडी खोली: आखणी करायची आहे, मते हवीत

सांजसावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. राहत्या इमारतीची गच्ची वापरायला मिळते आहे आणि तिथे एक लाकडी खोली बांधायचे मनात आहे. एक माणूस ऐसपैस, दोन माणसे सरकून बसतील एवढीच. अभ्यासिका नको, पाहुण्यांची खोली नको, व्यायामाची तर अजिबात नको. बसायचे, वाचायचे, काही न करता पडून राहायचे. टेबल, टीव्ही, चार्जिंगची वायर यांना आत प्रवेश नाही.

खाली मोठा रस्ता आहे. सिग्नल जवळच, त्यामुळे बसेस थांबतात, घुरघुरत राहतात, मग सुटतात. हॉर्नबद्दल वेगळे सांगत नाही.

सध्या कागदावर असे आहे: २.४ मीटर बाय २.४ मीटर, आतली उंची २.३. चारही बाजूंना पाइनच्या २० मिमी जाडीच्या फळ्या, रस्त्याच्या बाजूला मोठी काच (तिकडे सूर्यास्त दिसतो), वर पत्रा आणि आतून लाकडी छत. एवढ्या लाकडाने आवाज किती अडेल? लाकूड कोणते घ्यावे? आणि शांत वाटायला आणखी काय लागते जे माझ्या यादीतच नाही? फोटो ढिगाने पाहिलेत, पण फोटोत रस्ता ऐकू येत नाही.

पडसाद

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची आखणी त्यावर अवलंबून आहे. २० मिमी फळीने तुमचे समाधान होणार नाही.

आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. आवाजाची कंपनसंख्या दुप्पट झाली तरी तेवढीच वाढते. आता तुमची पाइनची फळी: चौरस मीटरला १० ते १२ किलो. ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपने) आवाजाला, म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात, हिशेबाने २८ डेसिबल अडतील. १०० हर्ट्झला मात्र १५ सुद्धा नाहीत. बसची घुरघुर त्याच्याही खालच्या पट्ट्यात असते. थोडक्यात, शेजाऱ्यांच्या गप्पा अडतील आणि बस आत येऊन बसेल.

हे सगळे फटी नाहीत असे धरून. भिंतीच्या १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. ८० सेंमी रुंदीच्या दाराखाली १ सेंमी फट राहिली, तर तेवढ्यानेच ती भिंत २८ डेसिबलवर अडकते. म्हणून लाकूड कोणते हे विचारण्याआधी दार कसे बंद होणार ते ठरवा.

उद्दिष्ट किती ठेवायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल धरले आहेत. गच्चीवर ७० येत असतील तर ४० अडवावे लागतील. एका फळीचे ते काम नाही. दोन स्वतंत्र पडदे हवेत. बाहेरचा सांगाडा वेगळा, आतला वेगळा, एकमेकांना न टेकणारे, मध्ये १०० मिमी पोकळी आणि त्यात रॉकवूल (दगडी लोकर). आतल्या सांगाड्यावर आधी १२ मिमीचे दोन जिप्सम बोर्ड, त्यावर तुमचे सुंदर लाकूड. दिसायला लाकडी, काम करायला जड.

चकवाचांदणं

एवढ्या खटाटोपापेक्षा हेडफोन घ्या की. आवाज रद्द करणारे. खोलीही वाचेल, गच्चीही.

सांजसावली

@चकवाचांदणं, आहेत. तासाभराने कान गरम होतात. शिवाय कानावर काहीतरी चढवल्यावर जी शांतता मिळते तिच्यात मी सतत मागे वळून पाहते, कोणी आले का म्हणून. तशी नको आहे.

@पडसाद, धन्यवाद, आणि जरा धसकाच. मग काचेचे काय? आणि आतून अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावले तर?

पडसाद

फोम आतला आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही. ही दोन कामे वेगळी आहेत आणि बाजारात ती सर्रास एकत्र विकली जातात. अंड्यांच्या ट्रेने तर यातले एकही काम नीट होत नाही.

शोषण तुम्हाला लागेल, पण वेगळ्या कारणाने. छोट्या खोलीत समोरासमोरच्या गुळगुळीत लाकडी भिंतींमध्ये आवाज टपटप आपटत राहतो. टाळी वाजवून पाहा, धातूसारखा थरथराट ऐकू येतो. एका भिंतीवर पुस्तकांचे फडताळ किंवा फटी सोडून ठोकलेल्या पट्ट्या आणि मागे तीच दगडी लोकर, एवढ्याने भागते.

काच मोठी ठेवायचीच असेल तर दोन वेगळ्या जाडीच्या काचा, उदाहरणार्थ एक ६ मिमी आणि एक १० मिमीची लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली), मध्ये १०० मिमी अंतर, आणि ती न उघडणारी. सारख्या जाडीच्या घेतल्या तर दोन्ही एकाच सुरात कमजोर पडतात.

आणि एक: खोली चौरस नको. २.४ मीटर लांबीला सुमारे ७१ हर्ट्झचा सूर घुमतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना तोच सूर, म्हणजे बसची घुरघुर तुम्ही स्वतःच वाढवून घेणार. २.१ बाय २.७ करा. क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते आणि सूर ८२ आणि ६४ असे फुटतात. माणूस आडवाही होऊ शकतो, जे तुमच्या यादीत आहे.

तुळईवाला

पडसाद साहेबांनी भिंती जड केल्या, आता मी बिल मांडतो. किलोचे.

अशी दुहेरी भिंत चौरस मीटरला सहज ३२ किलो भरते. २२ चौरस मीटर भिंती, म्हणजे ७०० किलो. जमीन आणि छप्पर मिळून आणखी ४००. दोन माणसे, गाद्या, पुस्तके २००. एकूण १३०० किलो, साडेपाच-पावणेसहा चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास. गच्चीचा स्लॅब वापराच्या भारासाठी बहुधा १५० ते २०० वर आखलेला असतो. शिवाय खोली चार पायांवर उभी केली तर प्रत्येक पायाखाली सव्वातीनशे किलो एका ठिकाणी येतात. पाय स्लॅबच्या मध्यभागी पडले तर काळजीची गोष्ट आहे, खालच्या तुळयांवर पडले तर बहुतेक निभावते. पण "बहुतेक" हा शब्द माझ्याकडून घेऊन बांधकाम सुरू करू नका. इमारतीचे मूळ नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. परवानगीचे नियम जिथे राहता तिथले बघा.

वाऱ्याचा विचार तर कोणीच करत नाही. ताशी १४४ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला १०० किलोच्या जवळपास दाब देतो. तुमच्या खोलीच्या एका बाजूवर ६०० किलो आडवे. हलकी खोली नुसती ठेवली तर ती कठड्यापर्यंत स्वतः चालत जाईल. तिला बांधून ठेवावे लागते, आणि बांधण्यासाठी गच्चीचे वॉटरप्रूफिंग भोसकायचे नाही, नाहीतर खालच्या घरात गळती सुरू. तुळयांना धरणाऱ्या चौथऱ्यांची जागा आधी ठरवा, त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवून घ्या, मग त्यावर लोखंडी चौकट.

रंधा_पटाशी

वा, मस्त चाललाय धागा. लाकडाबद्दल कोणी बोलेचना म्हणून आलो.

कोणतेही घ्या, पण मुरलेले घ्या. लाकडात ओल किती आहे हे मोजायचे छोटे यंत्र मिळते, सुताराकडे नसेल तर विकत घ्या. आतल्या कामाला ८ ते १२ टक्के. यापेक्षा ओले लाकूड लावले की ते जागेवर वाळते, आक्रसते, आणि पडसाद यांनी ज्या फटींची भीती घातली त्या आपसूक तयार होतात.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. १५० मिमी रुंदीच्या सागाच्या फळीची ओल ४ टक्क्यांनी बदलली तर ती १ मिमीच्या थोडी वर हलते, पाइन दीड मिमीच्या आसपास. दहा-पंधरा फळ्यांची बेरीज करा. म्हणून फळ्या टंग-ग्रूव्हच्या (एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या) घ्यायच्या, एका कडेनेच ठोकायच्या, दुसरी कड मोकळी. दोन्ही कडा घट्ट ठोकल्या की फळी मधोमध फाटते. आणि रंग किंवा तेल ठोकण्याआधी जिभेलाही लावून घ्या, नाहीतर फळी आक्रसली की कोरी पांढरी रेघ दिसत राहते. मला तरी ती फार खुपते.

बाहेरच्या बाजूला साग किंवा देवदार. पाइन बाहेर लावायचा असेल तर रसायन मुरवलेलाच. कोणतेही लाकूड २० टक्क्यांहून जास्त ओले राहिले की बुरशी धरते, त्यामुळे ते ओले होऊ नये यापेक्षा झाल्यावर लवकर वाळावे हे महत्त्वाचे. बाहेरच्या फळ्यांमागे २०-२५ मिमीची हवेशीर पोकळी, खाली-वर उघडी आणि जाळी लावलेली. तळ गच्चीपासून किमान १५० मिमी वर. छपराचे पाखे चारही बाजूंना पुढे काढा. फळीचे तोंड, म्हणजे कापलेला आडवा छेद, सर्वांत जास्त पाणी पितो, तिथे तेलाचे दोन हात जास्त. पत्रा असेल तर त्याच्याखाली जड थर द्या, नाहीतर पाऊस सुरू झाला की आत बसवणार नाही.

तेलावरून आठवले. जवसाचे तेल वापरणार असाल तर पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेतात. ही दंतकथा नाही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ओसरी

वाचतेय. आतमध्ये प्लाय, एमडीएफ वापरणार असाल तर कमी फॉर्माल्डिहाइडचे (डिंकातून हवेत सुटणारा उग्र वायू) घ्या. एवढीशी खोली, त्यात डिंकाचा वास भरला तर डोके शांत होण्याऐवजी दुखेल.

श्वासोच्छ्वास

खोली एवढी बंदिस्त करताय तर हवेचा हिशेब करा. २.४ x २.४ x २.३ म्हणजे १३ घनमीटर. नवी मापे घेतली तरी तेवढीच. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १३ घनमीटरमध्ये १३ लिटर मिसळला की पातळी १००० पीपीएमने (दहा लाख भागांत १००० भाग) वाढते. याचा अर्थ, हवा अजिबात बदलत नसेल तर पाऊण तासात तुम्ही बाहेरच्या सव्वाचारशेवरून चौदाशेच्या पुढे. दोघे असाल तर वीस-बावीस मिनिटांत. ज्याला आपण "छान गुंगी लागली" म्हणतो ती कधी कधी कोंडलेली हवाच असते.

माणशी तासाला ३६ घनमीटर ताजी हवा धरा. दोघांना ७२. ती सेकंदाला १ मीटरपेक्षा हळू यावी असे वाटत असेल (जोरात आली तर सूं आवाज करते), तर वाट किमान १० बाय २० सेंमीची हवी. सरळ भोक पाडले तर रस्ता त्यातून आत येईल, म्हणून नागमोडी लाकडी पेटी करा, आतून शोषक थर लावलेली, दोन-तीन वळणांची. हवा वळते, आवाज वळणावर भिंतीत जिरतो. एक पेटी खाली, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. दुसरी वर, तिच्यात संथ पंखा.

चकवाचांदणं

आता वजन वाढले, पंखा आला, दोन पेट्या आल्या. ही खोली आहे की पाणबुडी? माझा प्रामाणिक प्रश्न: एवढी शांतता हवीच कशाला? अगदी आवाज बंद झाला की लिफ्टची मोटर, शेजारची पाण्याची पाइप, स्वतःच्या कानातली शिट्टी, सगळे मोठे ऐकू येते.

दारवंटा

चकवाचांदणं यांनी गमतीत का होईना, मुद्द्यावर बोट ठेवले. मला वाटते धाग्याची गाडी डेसिबलकडे जरा जास्तच झुकली आहे.

हेलसिंकीत काम्पी नावाचे शांततेचे चॅपेल (छोटे प्रार्थनागृह) आहे, २०१२ साली उघडलेले. शहरातल्या अत्यंत वर्दळीच्या चौकात. साडेअकरा मीटर उंच, वाकवलेल्या लाकडाची अंडाकृती भिंत, बाहेरून स्प्रूस, आतून आल्डर. बाजूला एकही खिडकी नाही. छत आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून प्रकाश भिंतीवरून खाली ओघळतो, बस. तिथे नियमित प्रार्थनासभा होत नाहीत, कोणीही येऊन बसावे एवढाच उद्देश. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: चौकातून तुम्ही थेट त्या लाकडी दालनात शिरत नाही. बाजूच्या बुटक्या भागातून आत जाता आणि मग वळता.

जपानी चहागृहांतही हेच. साडेचार तातामींची (तातामी म्हणजे ठरावीक मापाची जाड चटई) खोली म्हणजे २.७ मीटरचा चौरस, तुमच्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. १६व्या शतकातले चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्या नावाने ओळखली जाणारी ताईआन तर दोनच तातामींची. भिंती मातीच्या आणि दारे कागदाची, म्हणजे पडसाद यांच्या मोजमापात नापास. पण तिथवर पोचायला बागेतून दगडा-दगडाने चालावे लागते आणि आत शिरायचे दार जेमतेम ६६ सेंमी उंचीचे. वाकून, जवळपास रांगत आत जायचे.

म्हणून माझी सूचना: दार रस्त्यासमोर ठेवू नका, गच्चीच्या जिन्यासमोरही नको. माणूस वळसा घालून यावा. दाराबाहेर एक छोटा आडोसा, चपला काढायला आणि फोन ठेवायला बंद होणारा खण. आतले छत दारापाशी खाली, बसायच्या जागी वर. हे सगळे केल्यावर ४०ऐवजी ३० डेसिबलच अडले तरी चालून जाईल असे मला वाटते.

पडसाद

@दारवंटा, अर्धे मान्य. वळसा, आडोसा, प्रकाश सगळे हवे. पण चहागृहाभोवती बाग असते, इथे बस आहे. ३० आणि ४० मधला फरक कानाला निम्म्या आवाजाएवढा वाटतो, तो प्रकाशाने भरून निघत नाही.

मात्र वळशावरून एक सुचले आणि ते जवळपास फुकट आहे. खोली कठड्याजवळ नको. गच्चीवर जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी असेलच, तिच्या मागे सरकवा. रस्ता नजरेआड झाला की तेवढ्यानेच सुमारे ५ डेसिबल कमी होतात, आणि जितके कडेपासून आत जाल तितके आणखी. मग रस्त्याकडची भिंत तेवढी पूर्ण जड ठेवून बाकी तीन थोड्या हलक्या करता येतील. छपरावर मात्र काटकसर नको. तुळईवाल्यांनाही बरे वाटेल.

तुळईवाला

वाटले! टाकी असेल तर तिच्याखाली बहुधा खांब-तुळया असतात, त्यांच्या रेषेत आलात तर वजनाचाही प्रश्न हलका होतो. टाकीला चिकटू नका, तिच्या दुरुस्तीला माणूस फिरेल एवढी जागा सोडा.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा बराच बदलला. टाकी आहे, तिच्या मागे खोली जाऊ शकते. पण मग सूर्यास्त गेला. ते जीवावर येते आहे.

दारवंटा

सूर्यास्त बघायला गच्ची आहेच की, दाराबाहेर बाक टाका. आत सूर्य नको, सूर्याचा प्रकाश हवा. पश्चिमेच्या भिंतीत वर, छताखाली, २० सेंमी उंचीची लांबट काच. दुहेरी, पडसाद म्हणाले तशी. बसल्यावर तिच्यातून फक्त आकाश दिसेल आणि संध्याकाळी समोरचे लाकूड काही मिनिटे तांबूस होईल. मोठी काच असती तर त्याच वेळी तुम्ही पडदा ओढला असता. पश्चिमेचे ऊन हलक्या लाकडी खोलीला फार तापवते, लाकडाकडे उष्णता धरून ठेवायला वीट-दगडाएवढे वस्तुमान नाही.

बसल्या जागी डोळ्यांच्या उंचीवर मात्र एक छोटी खिडकी हवी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, कुंडीतल्या का होईना झाडावर. पाठ भरीव भिंतीला आणि समोर थोडेसे उघडे, अशा जागी माणूस लवकर सैलावतो. भूगोलतज्ज्ञ जे ॲपल्टन यांनी १९७०च्या दशकात हीच कल्पना मांडली होती: आपल्याला दिसावे, पण आपण दिसू नये.

गुडघेदुखी

रांगत जायच्या दारावर माझा आक्षेप नोंदवून घ्या. वय होते, गुडघे संपतात. उंबरठा सपाट ठेवा, दार पुरते उंच ठेवा. वाकायचे असेल तर मनाने वाकू.

सांजसावली

@गुडघेदुखी, हा हा. नोंदवले. घरात मोठी माणसे आहेत, त्यामुळे दार १.९ मीटर उंच आणि ७५ सेंमी रुंदच राहील.

आता पक्के असे: २.१ बाय २.७, टाकीमागे, इंजिनिअरने होकार दिला तरच. रस्त्याकडे जड आणि डोळ्यांच्या उंचीला खिडकी नसलेली भिंत, पुस्तकांचे फडताळ तिलाच. तिच्यातच वर पश्चिमेची काचेची पट्टी, मागे छोटी खिडकी. बाहेर साग, आत पाइन. हवेच्या दोन पेट्या. दार मागच्या अंगाला, आडोशासह. दिवा एकच, पिवळसर, २७०० केल्व्हिन, मंद होणारा.

राहिला प्रश्न दाराचा. सपाट उंबरठा ठेवून खालची फट बंद कशी करायची?

रंधा_पटाशी

दाराच्या खालच्या कडेत बसणारी आपोआप उतरणारी रबरी पट्टी मिळते. दार लागताना चौकटीच्या बाजूचे बटण दाबले जाते आणि पट्टी खाली टेकते, उघडताना वर उचलली जाते. उंबरठा लागतच नाही, पण जमीन त्या जागी अगदी सपाट हवी. बाकी तीन बाजूंना चौकटीत रबराच्या दोन रांगा. दार भरीव करा, चौरस मीटरला ३० किलो धरले तरी ४० किलोच्या वर जाईल, त्यामुळे बिजागऱ्या चार आणि त्यातल्या दोन वरच्या भागात. चौकट भिंतीच्या एकाच पडद्याला जोडा. दोघांना जोडली तर आवाजाला पूल मिळतो.

तुळईवाला

आणि दार बाहेर उघडणारे, आतून किल्लीशिवाय एका हाताने. सगळी खोली लाकडाची आहे, त्यात रबर लावून बंदिस्त. धुराचा अलार्म लावा. मेणबत्ती, उदबत्ती आत नको. मागची छोटी खिडकी उघडणारी आणि माणूस बाहेर पडेल एवढी ठेवता आली तर उत्तम.

पडसाद

उघडणारी खिडकी म्हणजे आणखी एक रबर, पण तिथे तडजोड करा, ती बाजू तशीही शांत आहे. बांधकामाआधी एकदा टाकीमागे खुर्ची टाकून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी फोनवरच्या डेसिबल ॲपने मोजा, मग कठड्यापाशी मोजा. आकडे अचूक नसतील, पण दोन्हीतला फरक समजेल. तो इथे टाका, त्यावरून बाकी तीन भिंती किती हलक्या करता येतील ते सांगतो.

सांजसावली

शनिवारी मोजून टाकते. टाकीपासूनचे अंतर आणि तुळयांच्या जागाही नकाशावरून काढून देते.